तेच ते स्वप्न : वारंवार पडणाऱ्या दुःस्वप्नांवरील उपचाराची कृती

दवाखान्यात झोपेची चौकशी होते. किती तास झोपता, लवकर लागते का, मध्येच जाग येते का, हे सगळे विचारतात. स्वप्नांबद्दल मात्र सहसा कुणी विचारत नाही, आणि विचारलं नाही की माणसं सांगत नाहीत. वर्षानुवर्षं तेच स्वप्न पाहून पहाटे तीनला घामाघूम होऊन उठणारा माणूस डॉक्टरांना ‘झोप नीट होत नाही’ एवढंच सांगतो आणि गोळीची चिठ्ठी घेऊन घरी जातो. स्वप्न ही डॉक्टरला सांगायची गोष्ट आहे, असं त्याच्या मनातच येत नाही. ती देवापुढे, गुरवापुढे, नाहीतर घरातल्या आजीपुढे बोलायची गोष्ट. अशा माणसांसाठी आणि त्यांच्यासमोर बसणाऱ्या समुपदेशकांसाठी मी हे लिहिते आहे. या त्रासावर थोड्या बैठकांमध्ये होणारा, बहुतेक वेळा गोळीशिवायचा उपचार आहे. तो आपल्याकडे अजून फार कमी हातांपर्यंत पोहोचला आहे, याची मला मनापासून खंत वाटते.

या उपचाराचं नाव ‘इमेजरी रिहर्सल थेरपी’. आपण त्याला नव्या स्वप्नाचा सराव म्हणू. लंडनचे मानसोपचारतज्ज्ञ आयझॅक मार्क्स यांनी १९७८ मध्ये एका रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. कित्येक वर्षं छळणारं स्वप्न जागेपणी पुन्हा पुन्हा उजळून, त्याचा शेवट आपल्या हाती घेऊन ते थांबलं होतं. पुढे अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत रॉबर्ट केलनर, जोसेफ नाइडहार्ट आणि बॅरी क्रॅको यांनी या कल्पनेला पद्धतीचं रूप दिलं. २००१ मध्ये क्रॅको आणि सहकाऱ्यांनी १६८ स्त्रियांवर केलेली चाचणी अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात छापून आली. बहुतेक जणी लैंगिक अत्याचारातून गेलेल्या होत्या. तीन बैठका झालेल्या गटाची दुःस्वप्नं कमी झाली, झोप सुधारली, आघाताची इतर लक्षणंही उतरली. वाट पाहणाऱ्या गटात फारसा फरक पडला नाही. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१८ च्या निवेदनात दुःस्वप्नांसाठी हाच उपचार शिफारशीचा मानला.

आता कृती.

पायरी पहिली : हे दुःस्वप्नच आहे ना, ते पाहा

दुःस्वप्नातून माणूस भीतीने जागा होतो, काही क्षणांत पूर्ण भानावर येतो आणि काय पाहिलं ते तपशिलाने सांगू शकतो. वेळ बहुधा रात्रीच्या उत्तरार्धातली. हे आठवड्यातून एकदा किंवा अधिक वेळा होत असेल, सहा महिन्यांहून जुनं असेल, आणि झोपायला जायचीच धास्ती, कामात लक्ष नसणं, चिडचिड असा दिवसावर परिणाम होत असेल, तर उपचार हवा. प्रौढांमध्ये साधारण शंभरात चार जणांना हा त्रास उपचार लागण्याइतका असतो.

झोप लागल्यावर पहिल्या दोन-तीन तासांतच कुणी किंचाळत उठत असेल, डोळे उघडे असून ओळख देत नसेल आणि सकाळी त्याला काहीच आठवत नसेल, तर ते गाढ झोपेतलं भय आहे. लहान मुलांत ते जास्त दिसतं. जाग आली आहे पण हात-पाय हलत नाहीत, छातीवर कुणी बसलं आहे, ही दुसरी अवस्था. स्वप्नांच्या झोपेत स्नायू आपोआप सैल सोडलेले असतात आणि ती शिथिलता कधी कधी जाग आल्यावरही थोडा वेळ रेंगाळते. गावाकडे याला ‘भुताने दाबलं’ म्हणतात. एवढं कारण नीट समजावून सांगितलं तरी पुष्कळांचा निम्मा घोर उतरतो.

दोन गोष्टी मात्र पुढे पाठवायच्याच. पन्नाशी-साठी ओलांडलेला माणूस झोपेत लाथा झाडतो, ठोसे मारतो, पलंगावरून पडतो, असं त्याची बायको सांगत असेल तर मेंदूविकारतज्ज्ञांकडे चिठ्ठी द्या. काहींमध्ये ती पार्किन्सनसारख्या आजाराची फार आधीची खूण असते. आणि जोरात घोरणं, मध्येच श्वास अडकणं, सकाळी डोकं जड असणं, जोडीला बुडण्या-गुदमरण्याची स्वप्नं असतील तर झोपेची तपासणी करून घ्या. श्वास मोकळा राहिला की अशी स्वप्नं अनेकदा आपोआप कमी होतात.

पहिल्या भेटीला औषधांची पिशवी सोबत आणायला सांगा. रक्तदाबाच्या किंवा कंप थांबवणाऱ्या गोळ्यांपैकी प्रोप्रानोलॉल, नैराश्यावरची काही औषधं, दम्या-ॲलर्जीसाठीचं माँटेलुकास्ट यांनी स्वप्नं तीव्र होऊ शकतात. रोजची दारू किंवा झोपेची गोळी एकाएकी बंद केली तरी तसंच होतं. गोळी स्वतःहून बंद करू नका, ती ज्यांनी लिहून दिली त्यांना विचारा, हे वाक्य दोनदा सांगावं.

पायरी दुसरी : जीव सुरक्षित आहे का, ते विचारा

ही पायरी कुणीही वगळू नये. फिनलंडमधल्या मोठ्या लोकसंख्येवरचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. वारंवार दुःस्वप्नं पडणाऱ्यांमध्ये आत्महत्येचं प्रमाण जास्त आढळलं. म्हणून आडवळणाने न विचारता सरळ विचारा : ‘इतकं झाल्यावर कधी जीव नकोसा वाटतो का? जीव द्यावा असं मनात येतं का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट, कुणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. उत्तर ‘हो’ असेल तर स्वप्नाचं काम बाजूला ठेवा, त्याच दिवशी घरच्यांना सोबत घ्या आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवा. ‘टेली मानस’ ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास असते, मराठीतही बोलता येतं.

दुसरा प्रश्न घराचा. ज्या बाईला स्वप्नात मारहाण दिसते तिला घरी आजही मार बसत असेल, तर तिचं स्वप्न तिला खरंच सांगतं आहे. तिथे आधी संरक्षण, कायदा, माहेरचा किंवा संस्थेचा आसरा. नव्या स्वप्नाचा सराव त्यानंतर. भास होणं, वास्तवाचं भान सुटणं असा आजार सध्या चढलेला असेल तरीही थांबा.

पायरी तिसरी : दोन आठवडे नोंद

एक छोटी वही. रोज सकाळी दोन मिनिटं : किती वाजता झोपलो, किती वाजता उठलो, स्वप्नाने किती वेळा जाग आली, भीती शून्य ते दहामध्ये किती, परत झोप लागायला किती वेळ गेला. स्वप्नाला फक्त एक शीर्षक द्यायचं, ‘विहीर’ किंवा ‘कुत्री’ एवढंच. रात्री दिवा लावून अख्खं स्वप्न लिहायचं नाही, त्याने ते आणखी पक्कं होतं. लिहिता न येणाऱ्यांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या तारखेवर टिंबं द्यावीत, एका स्वप्नाला एक. ती चौकट टिंबांनी भरली की घरच्यांनाही पहिल्यांदा त्रासाचं माप कळतं.

नोंद ठेवू लागल्यावरच काहींची स्वप्नं थोडी कमी होतात. तरीही दोन आठवडे पुरे करा. पुढे उतार पडला की नाही, हे ताडून पाहायला हाच आधार असतो.

पायरी चौथी : स्वप्न टिकून का राहतं, ते समजावून सांगा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. माणूस समोर बसतो तेव्हा त्याच्या मनात दोनच प्रश्न असतात : ‘मी वेडा होतोय का?’ आणि ‘याचा अर्थ काय?’

पहिल्याचं उत्तर सोपं आहे : नाही. दुसऱ्यासाठी झोपेची थोडी ओळख करून द्यावी लागते. रात्रीत झोपेचे चार-पाच फेरे होतात. प्रत्येक फेऱ्याच्या शेवटी रेम झोप येते, त्यात बंद पापण्यांआड बुबुळं भराभर हलतात आणि ठसठशीत स्वप्नं पडतात. हा भाग रात्र सरेल तसा लांबत जातो, पहाटे सर्वांत मोठा असतो. म्हणून पहाटेची स्वप्नं जास्त लक्षात राहतात. ‘पहाटेचं स्वप्न खरं होतं’ या समजुतीने ज्यांनी धसका घेतलेला असतो, त्यांना ही एवढी माहिती फार मोलाची वाटते.

टोरे नीलसन आणि रॉस लेविन यांनी २००७ मध्ये मांडलेली उपपत्ती मला बैठकीत उपयोगी पडते. चांगल्या चालणाऱ्या स्वप्नात भीतीचे तुकडे सुटे होतात, नव्या जागी, नव्या माणसांत मिसळतात आणि तसं होताना त्यांची धार बोथट होते. दुःस्वप्नात हे काम अर्धवट राहतं, कारण भीती इतकी वाढते की जाग येते. मग माणूस झोप टाळू लागतो. टीव्ही चालू ठेवतो, दिवा लावून ठेवतो, एक वाजेपर्यंत फोन पाहत बसतो. झोप कमी पडली की पुढच्या रात्री शरीर रेम झोप जोराने वसूल करतं आणि स्वप्नं आणखी दाट येतात. शिवाय दिवसभर ‘आज पुन्हा पडेल का’ या काळजीत तेच चित्र डोळ्यांपुढून जात राहतं, म्हणजे नकळत त्याचीच उजळणी चालू असते. सुरुवातीला स्वप्नामागे एखादा आघात असेलही, पण काही वर्षांनी ते सवयीने चालतं. तबल्यावर चुकीचा बोल हाताला बसला तर हातावर रागावून तो जात नाही. बरोबर बोल संथ लयीत रोज वाजवावा लागतो. आपलं काम तसंच आहे.

इथे रुग्ण हमखास विचारतो की आधी अर्थ शोधायला नको का. माझं मत स्पष्ट आहे : अर्थ शोधण्यात महिने घालवू नका. स्वप्न उतरल्यावर त्याविषयी बोलायची इच्छा राहिली तर बोलू. अनेकांना ती राहत नाही.

घरच्यांनी दृष्ट काढली असेल, उशाखाली सुरी ठेवली असेल, गुरुवारी कुठे घेऊन गेले असतील, तर हसू नका. त्यांनी त्यांच्या परीने काळजीच घेतलेली असते. झोपण्यापूर्वी रामरक्षा म्हणून, दुआ वाचून किंवा प्रार्थना करून मन शांत होत असेल तर ते झोपेच्या तयारीत जरूर ठेवा. पण अंगातलं काढायचं म्हणून मारणं, साखळीने बांधणं, चटके देणं असं काही होत असेल तर तिथे मवाळ राहायचं नाही. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे, हे शांतपणे आणि ठाम सांगायचं.

काही माणसांना झोपेतच गाठणारं संकट आलेलं असतं. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपतीचं विसर्जन झालं होतं आणि लोक गाढ झोपेत होते. अशा प्रसंगातून वाचलेल्या माणसासाठी झोप हीच धोक्याची जागा होऊन बसते. त्याला ‘निवांत झोपा’ म्हणून चालत नाही. खाट दाराजवळ घ्या, बॅटरी आणि चप्पल हाताशी ठेवा, कुणीतरी त्याच खोलीत झोपा. नव्या स्वप्नाचं काम हे झाल्यावर.

पायरी पाचवी : आधी सुखद चित्राचा सराव

पहिल्याच दिवशी दुःस्वप्नाला हात घालू नका. आठवडाभर रोज दहा मिनिटं डोळे मिटून एक चांगलं चित्र मनात उभं करायला शिकवा. आजोळचं अंगण, नदीचा घाट, भात लावणीचा दिवस, काहीही. काय दिसतं, काय ऐकू येतं, पायाखाली काय लागतं, वास कसला येतो, हे एकेक करून विचारा. काहींना चित्र दिसत नाही, पण आवाज येतो किंवा नुसतं अंगाला जाणवतं. तेही चालतं.

आघातातून गेलेल्यांना चांगल्या चित्रातही मध्येच नको ते दिसू लागतं. त्यासाठी सुटण्याचा रस्ता आधीच शिकवून ठेवा : डोळे उघडायचे, पाय जमिनीवर घट्ट टेकवायचे, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्यायची, गार पाण्याने तोंड धुवायचं. हे आपल्या समोर दोनदा करवून घ्या. सोबत सावकाश श्वास सोडण्याचा आणि स्नायू आवळून सैल सोडण्याचा सरावही द्यावा. ज्यांचा हा आठवडा नीट जात नाही, त्यांना आणखी एक आठवडा द्या. घाई करून काही मिळत नाही.

पायरी सहावी : कुठलं स्वप्न घ्यायचं

सर्वांत भयंकर स्वप्नाने सुरुवात करू नका. प्रत्यक्ष घडलेल्या प्रसंगाची हुबेहूब नक्कल असलेलं स्वप्नही आधी नको. त्रासाच्या मापावर मधलं निवडा. एका स्वप्नावर हात बसला की त्याचा उपयोग इतर स्वप्नांनाही होतो असा अनुभव आहे, म्हणून दहा स्वप्नं असतील तर दहा वेळा हे करावं लागत नाही.

जुनं स्वप्न किती तपशिलात सांगायला लावायचं, यावर दोन वाटा आहेत. क्रॅकोंच्या पद्धतीत ते जवळजवळ सांगावंच लागत नाही. ओक्लाहोमातल्या टल्साच्या जोआन डेव्हिस यांच्या पद्धतीत ते पूर्ण लिहून मोठ्याने वाचलं जातं, आणि मगच बदललं जातं. तिचेही चांगले परिणाम नोंदले गेले आहेत. नवशिक्या समुपदेशकाने पहिली वाट धरावी. दुसरीला आघातावरच्या उपचाराचं प्रशिक्षण आणि पाठीशी अनुभवी मार्गदर्शक हवा.

पायरी सातवी : नवं स्वप्न लिहिणं

सूचना एकच : ‘हे स्वप्न तुम्हाला हवं तसं बदला.’ एवढं बोलून गप्प बसायचं. कसं बदलायचं ते आपण सुचवायचं नाही. कुणी शेवट बदलतं, कुणी सुरुवात, कुणी फक्त भिंतीचा रंग. छोटा बदलही पुरतो.

शिकवताना मी एक रचलेलं उदाहरण वापरते. समजा, एसटीचे एक चालक आहेत. स्वप्नात भरलेली गाडी कुंभार्ली घाट उतरते आहे, ब्रेकचं पेडल तळाला जातं, मागे माणसं ओरडतात, वळणावर दरी उघडते आणि जाग येते. बोलणं असं होतं :

‘काका, हे तुम्हाला हवं तसं बदला.’

‘मॅडम, ब्रेकच नाहीत तर बदलणार काय?’

‘स्वप्न तुमचं आहे. घाई नाही.’

बराच वेळ ते बोलत नाहीत. समुपदेशकाला इथे मदतीला धावावंसं वाटतं. ‘ब्रेक लागतात असं समजा ना’ हे वाक्य ओठांवर येतं. ते गिळायचं.

‘ब्रेक नकोत,’ काका म्हणतात. ‘ते मला पटायचं नाही. पण रस्ता चढाचा करतो. वळण घेतलं की पुढे चढ. गाडी आपोआप हळू होते.’

‘मग?’

‘मग कंडक्टर खाली उतरून चाकामागे दगड लावतो. माणसं उतरतात. एक म्हातारी म्हणते, उशीर झाला, आता चहा तरी पाजा. टपरी आहे तिथे.’

असा उलगडा आतून येतो तेव्हा तो टिकतो. ब्रेक लागल्याचा शेवट त्या माणसाला खोटा वाटला असता, कारण गाडी त्याला आपल्यापेक्षा जास्त कळते.

काही पेच येतातच. ‘मी गाडीत चढतच नाही’ असा पहिला मसुदा कुणी देईल. टाळाटाळ वाटली तरी तो नाकारू नका, पण ‘त्याऐवजी मग काय करता?’ असं विचारून पुढे न्या. रिकाम्या जागेचा सराव होत नाही, तिथे काहीतरी घडावं लागतं. कुणी सूडाचा शेवट लिहितं, शत्रूला ठेचून काढतं. त्याला दटावू नका. वाचून झाल्यावर अंग सैल झालं की आणखी ताठ झालं, एवढं विचारा. ताठलं असेल तर दुसरा मसुदा. गेलेलं माणूस स्वप्नात मरताना दिसत असेल, तर त्याला जिवंत करून दाखवायची सक्ती नको. काही जण त्याला फक्त नीट निरोप देतात, आणि ते त्यांना पुरतं.

नवं स्वप्न वर्तमानकाळात, ‘मी’ म्हणून आणि ज्याच्या त्याच्या बोलीत लिहून घ्या. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, कोकणी, जी घरात बोलतात तीच. पुस्तकी मराठीत लिहिलेलं स्वप्न झोपेत बोलणाऱ्या माणसाचं होत नाही. लिहिता येत नसेल तर फोनवर त्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रण करा. एका पानाहून मोठं नको.

पायरी आठवी : रोजचा सराव

दिवसातून एकदा, दहा ते वीस मिनिटं, डोळे मिटून फक्त नवं स्वप्न सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहायचं. जुनं पाहायचं नाही, दोन्ही शेजारी ठेवून ताडायचं नाही. आठवड्यात एक, फार तर दोन स्वप्नांवर काम. सराव अमुक वेळीच हवा असं नाही, झोपण्यापूर्वी केला तर मात्र वही बाजूला ठेवून थोडा वेळ शांत बसावं.

अडचण जागेची असते. एका खोलीत सहा माणसं, स्वयंपाकघरात सासूबाई, बाहेर टीव्ही. ‘घरी निवांत जागी बसा’ असं सांगून मोकळं होऊ नका, जागा कुठली ते बैठकीतच ठरवा. देवळाचा सभामंडप दुपारी रिकामा असतो. इमारतीची गच्ची असते. डेपोतली विश्रांतीची खोली असते. काही बायकांना पोथी वाचायच्या निमित्तानेच दहा मिनिटं एकटं बसायला मिळतं, तेवढी पुरतात.

पायरी नववी : रात्री जाग आली तर

हे कागदावर लिहून उशाशी ठेवायचं. मंद दिवा लावा. ‘मी घरी आहे, आज मंगळवार आहे’ असं स्वतःशी म्हणा. दोन घोट पाणी. सावकाश श्वास. मग नवं स्वप्न एकदा मनात चालवा. वीसेक मिनिटांत झोप आली नाही तर अंथरुणातून उठून दुसरीकडे बसा, झोप आली की परत या. फोन नको. सकाळी उठायची वेळ रोज तीच, रात्र कशीही गेली तरी.

घरच्यांनी गदागदा हलवू नये. हाताच्या अंतरावरून नावाने हाक मारावी. काय पाहिलं ते तेव्हाच वदवून घेऊ नये. सकाळीही ‘आज किती वाजता ओरडलास’ असा हिशेब नको.

पायरी दहावी : मोजा, आणि नाही जमलं तर पुढे जा

चार ते सहा आठवड्यांनी पहिल्या नोंदीशेजारी नवी नोंद ठेवा. नवं स्वप्न प्रत्यक्ष झोपेत पडावंच असं नाही. बहुतेकदा जुनं विरळ होतं, मध्येच वेगळं वळण घेतं, किंवा पडलं तरी जाग येत नाही. आठवड्याची पाच टिंबं दोनवर आली तर त्याला यश म्हणायचं आणि तसं मोकळेपणाने सांगायचं.

फरक नसेल तर आधी सराव खरंच होतो का ते पाहा. होत असेल तर पहिल्या पायरीवर परत जा, विशेषतः श्वासाच्या तपासणीकडे. आघाताची लक्षणं दिवसाही जोरात असतील, म्हणजे प्रसंग डोळ्यांपुढे येणं, सतत दचकणं, माणसांपासून तुटणं, तर आघातावरचा पूर्ण उपचार हवा, एकट्या स्वप्नावर भागणार नाही.

औषधांबद्दल थोडं. प्राझोसिन हे रक्तदाबाचं जुनं औषध. सिॲटलच्या मरे रास्किंड यांच्या सुरुवातीच्या अभ्यासांत माजी सैनिकांच्या दुःस्वप्नांवर ते चांगलं उतरलं, पण २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३०४ माजी सैनिकांवरच्या मोठ्या चाचणीत ते नुसत्या साखरगोळीपेक्षा सरस ठरलं नाही. तरी काहींना ते लागू पडतं, म्हणून मानसोपचारतज्ज्ञ ते विचारपूर्वक देतात. सुरुवातीला रक्तदाब एकदम उतरून चक्कर येऊ शकते. क्लोनाझेपामची गोळी आपल्याकडे सहज लिहून दिली जाते. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनच्या २०१८ च्या त्याच निवेदनात दुःस्वप्नांसाठी तिची शिफारस करू नये असं म्हटलं आहे. जे आधीपासून घेत आहेत त्यांनी मात्र ती स्वतःहून तोडू नये, डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावी.

संशोधन पुढे चाललं आहे. जिनिव्हात २०२२ मध्ये ३६ रुग्णांवर झालेल्या प्रयोगात निम्म्यांनी नव्या स्वप्नाचा सराव करताना पियानोचा एक स्वरमेळ ऐकला आणि तोच झोपेत, रेम अवस्थेत, हलकेच वाजवला गेला. त्यांची दुःस्वप्नं नुसता सराव करणाऱ्यांपेक्षा अधिक उतरली. घरी करून पाहण्यासारखं हे अजून नाही.

खासगी तज्ज्ञ परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयातल्या मानसिक आरोग्य विभागात जा. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, गोव्यात बांबोळीची मनोविकार संस्था आहे. तिथल्या बाह्यरुग्ण विभागात दाखवायला दाखल व्हावं लागत नाही. ‘मनोरुग्णालय’ या पाटीला घाबरून माणसं दाराशीच परततात, म्हणून पहिल्या वेळी सोबत जा.

लहान मुलांसाठी हीच कृती चित्राने करा. स्वप्न कागदावर काढू दे, मग त्यावर त्याला हवं ते रंगवू दे. राक्षसाला झबलं घातलं तरी चालेल. चित्र त्याला दिसेल असं लावा आणि झोपताना एकदा दोघांनी मिळून पाहा. मूल एखाद्याच माणसाला, जागेला किंवा शाळेला घाबरू लागलं असेल तर चित्राच्या आधी त्याचं म्हणणं ऐका, आणि विश्वास ठेवा.

स्वप्न परत आलं तर

येतं. वर्षश्राद्धाच्या सुमारास, तशाच अपघाताची बातमी पाहिल्यावर, तापात, बाळंतपणानंतर, बदली झाल्यावर. हे शेवटच्या बैठकीतच सांगून ठेवा, नाहीतर पहिल्याच रात्री माणूस ‘सगळं वाया गेलं’ असं समजतो. वही फेकून द्यायची नाही. परत आलं की तेच पान उघडायचं, गरज वाटली तर एखादी ओळ बदलायची आणि रोजची दहा मिनिटं पुन्हा सुरू करायची. दोन आठवड्यांत टिंबं कमी झाली नाहीत तर भेटीची वेळ घ्यायची. समुपदेशकाने तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यात स्वतः फोन करून विचारपूस करावी, कारण पुन्हा त्रास सुरू झालेली माणसं संकोचाने आपणहून फोन करत नाहीत.